पैसा जाते कुठी?

मागच्या आठवड्यात अकोल्याहून अमरावतीला एस्टीने येत होतो. शेजारी एक तरुण प्राध्यापक बसले होते. मराठीच शिकवतात म्हणाले. मीही मराठीचाच शिक्षक होतो म्हटल्यावर गप्पा रंगल्या. बोलता बोलता ते म्हणाले, "सर, मार्क्सवादी समीक्षा आता काय राहिली? परीक्षेत दहा मार्कांची टीप, बस."

मी मान हलवली खरी, पण मूर्तिजापूर आलं तरी ती दहा मार्कांची टीप काही डोक्यातून जाईना. कारण मला मार्क्स टिपेत भेटला नव्हता. तो मला नववीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर भेटला होता.

साल १९७८. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शिकवत होतो. शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना काहीतरी वाचून दाखवायचो. त्या दिवशी उद्धव शेळक्यांची 'धग' काढली. १९६० सालची ही कादंबरी, आमच्या वऱ्हाडी बोलीत बोलणाऱ्या माणसांची. मुलं आधी हसली. पुस्तकातली माणसं आपल्यासारखी बोलतात, याचंच त्यांना नवल! मग हळूहळू वर्ग गप्प झाला. कौतिक, तिचा शिंप्याचं काम करणारा नवरा महादेव, लेकरं, नवऱ्याचं दुखणं, आणि त्या बाईचं ते न संपणारं राबणं. मी पुस्तक मिटलं. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला,

"सर, कौतिक येवढी राबते, मंग पैसा जाते कुठी?"

मी बी.ए. झालेलो, करुणरसावर दोन पानं सहज लिहू शकणारा माणूस. मी उत्तर दिलं, "बाळा, ज्याचे त्याचे भोग असतात." पोरगा खाली बसला. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. वेचणीचे दिवस होते.

माझ्या मते मार्क्सवादी समीक्षा म्हणतात ती मुळात एवढीच आहे. पुस्तकातलं दुःख पाहून हळहळायचं, आणि मग त्या पोरासारखं विचारायचं, की राबणाऱ्याचा पैसा जातो कुठे? रसिक पहिल्या पायरीवर थांबतो. थांबण्यात पाप नाही. पण तिथे थांबायलाच रसिकता म्हणतात, असं आम्हाला शिकवलं गेलं, त्याला माझा विरोध आहे.

आमच्या वऱ्हाडात तर हा प्रश्न फार जुना आहे. १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. गंमत अशी की त्याच साली लंडनमध्ये बसून मार्क्स एका अमेरिकी वर्तमानपत्रात हिंदुस्थानावर लिहीत होता. इंग्रज गिरणीवाल्यांना इथे रेल्वे हवी आहे ती कापूस आणि दुसरा कच्चा माल स्वस्तात बाहेर काढायला, असं त्याने साफ लिहून ठेवलं. वऱ्हाडचं नाव त्याच्या मनात असेल-नसेल, पण घडलं ते इथेच. १८६७ पर्यंत रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८७० साली खामगावला कापसाच्या बाजारासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. मूर्तिजापूरची शकुंतला आता बंद पडली, पण तीही कापसासाठीच जन्माला आली होती. पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर रुळांवरच लिहिलेलं होतं, आणि मी त्याला भोग सांगत बसलो!

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर प्राध्यापक महाशयांवर अन्याय होईल. मराठीत हा विचार बराच आधी आला. लालजी पेंडशांचं 'साहित्य आणि समाजजीवन' १९३५ सालचं. पण पुढे अनेकांच्या हातात त्याचा छापा झाला. कथेत संप आहे का? शेवटी लाल सूर्य उगवतो का? नसेल तर लेखक प्रतिगामी. हा छापा 'धग'ला लावून पाहा. कौतिक मोर्चा काढत नाही, घोषणा देत नाही. ती फक्त हार मानत नाही. मग काय, नापास करायचं तिला? आमच्या नागपूरच्या शरच्चंद्र मुक्तिबोधांना ही अडचण कळली होती. मार्क्स मानूनही त्यांनी साहित्याची कसोटी म्हणून 'मानुषता' हा शब्द पुढे केला. त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य'ला १९७९ साली साहित्य अकादमी मिळाली. पुस्तक जड आहे. मला तीनदा वाचावं लागलं, पण वाचलं.

आणि शेळके? अमरावतीच्या या माणसाने पुढे पोटासाठी ढिगाने रंजक कादंबऱ्या लिहिल्या. विद्वानांनी नाकं मुरडली, "धगचा लेखक वाया गेला" म्हणाले. लेखकसुद्धा राबतो आणि त्याचाही पैसा कुठेतरी जातो, हे मात्र कोणी विचारलं नाही. असो.

छापा आणखी एका ठिकाणी मोडतो. बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावलं होतं, की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. आमच्या कॉम्रेड मंडळींना हे पचायला फार वेळ लागला. धुळ्याचे शरद पाटील तर त्यासाठीच १९७८ साली पक्षाबाहेर पडले आणि मार्क्सच्या शेजारी फुले-आंबेडकरांना आणून बसवलं. १९८९ साली अमरावतीने सुदामकाका देशमुखांना लाल झेंड्यावर लोकसभेत पाठवलं, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता वारं बदललं. पुढच्याच निवडणुकीत ते फिरलं.

आणि आमचा शेतकरी कोणत्या वर्गात बसवायचा? १९८६ च्या मार्चमध्ये चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. ते भूमिहीन नव्हते, कागदावर मालक होते. शरद जोशी म्हणत, गावातली भांडणं सोडा, लूट भावातून होते. बरंचसं खरं आहे. पण त्याच मालकाच्या वावरात किलोवर कापूस वेचणारी बाई असते, तिचा हिशेब भावाच्या आंदोलनात कधी आला? तिथे मी पुन्हा त्या पोराच्याच बाजूने.

हे सगळं मी इतक्या ठामपणे सांगतो आहे, तर माझाही हिशेब सांगायला हवा.

त्या शनिवारी संध्याकाळी मी घरी गेलो. बाबा ओसरीवर खातेवही घेऊन बसले होते. आमच्याकडे सवाई-दिढीचा व्यवहार होता. पेरणीला एक पोतं न्यायचं, पीक आलं की सव्वा किंवा दीड आणून द्यायचं. पैसा दिला तर वावराचं खरेदीखत 'नावापुरतं' करून घ्यायचं. फेड झाली की परत. ती फेड होत नसे. तीन कुळांची वावरं अशी आमच्याकडे राहिली. माझी फी, अमरावतीची खोली, बी.ए.ची पुस्तकं त्या पोत्यांमधून आली. पैसा जातो कुठे? माझ्या घरी येत होता!

बाबांना मी त्या दिवशी काही बोललो नाही. पुढेही नाही. ते वाईट माणूस नव्हते, कोणाच्या घरी मयत झाली तर पहिले धावून जायचे. वाटणीत माझ्याकडे आलेले दोन एकर मी २००४ साली विकले आणि मुलीचं इंजिनिअरिंग केलं. सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवून देणारा कायदा २०१४ साली आला. आमची खतं पन्नासच्या दशकातली, त्याच्या कक्षेत बसणार नाहीत. हे मी वकिलाला विचारून घेतलं होतं. कशासाठी विचारलं होतं, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

त्या दिवशी अमरावतीच्या स्टँडवर उतरलो. प्राध्यापक नमस्कार करून गेले. ऑटो केला. चालवणारा त्या तिघांपैकी एकाचा नातू निघाला, मी त्याला चौथीपर्यंत पाहिलेला. घरापाशी उतरल्यावर पैसे काढले तर म्हणाला, "राहू द्या ना गुरुजी, तुमच्याकून काय घ्याचे."

मी जबरदस्तीने त्याच्या हातात कोंबले. साठ रुपये झाले होते.