‘घर की बात’ म्हणजे कोणाचे घर?

रायपूरच्या एका पक्ष कार्यालयात मी दीड वर्ष काम केले. पक्षाचे नाव लिहीत नाही. वेगवेगळ्या पक्षांत काम करणाऱ्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळले, झेंडा बदलला तरी किस्सा तोच राहतो. माझ्याकडे मतदार याद्या, वस्त्यांमधल्या बैठका आणि पत्रके लिहिणे एवढे काम होते. पगार नव्हता. पेट्रोलचे पैसे कधी मिळत, कधी नाही. बाबा गोंदियाकडून येऊन इथल्या रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये खलाशी म्हणून लागलेले. घरात पदवी घेणारी मी पहिली. शिकलात तर राजकारणातही उतरा, हे वस्तीतल्या विहारात लहानपणापासून ऐकत आले होते. म्हणून उतरले.

तिथे मला कोणी शिवी दिली नाही. बैठकीची वेळ बदलायची आणि मला कळवायचे नाही. मी लिहिलेले पत्रक दुसऱ्याच्या नावाने छापायचे. उशिरापर्यंत थांबले तर “घरवाले कुछ नहीं कहते?”, लवकर निघाले तर “महिलाओं का यही है”. एकाने आडनाव विचारले, गाव विचारले, मग “अच्छा, नवबौद्ध” म्हणाला, आणि त्या दिवसापासून माझ्या वाट्याला फक्त ‘एससी’ वस्त्या आल्या. एकदा भर बैठकीत एक वरिष्ठ म्हणाले, “इनको बोलना तो आता है, कब नहीं बोलना है ये सिखाना पड़ेगा.” सगळे हसले. मीही हसले. ते माझे हसणे मला अजून टोचते.

शेवटी मी लेखी विचारले, तक्रार कोणाकडे करायची? उत्तर तोंडी आले: “घर की बात है, घर में रखिए.”

याच शहरातले एक प्रकरण तुम्ही वाचले असेल. काँग्रेसच्या राष्ट्रीय माध्यम समन्वयक राधिका खेडा यांनी मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणूक चालू असताना, पक्ष सोडला. रायपूरच्या राजीव भवनात आपल्याशी गैरवर्तन झाले, वरिष्ठ नेत्यांना सांगूनही काही झाले नाही, असा त्यांचा आरोप होता. आरोप खरे की खोटे ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण पुढे काय झाले ते बघा. राममंदिराच्या दर्शनाला गेल्यामुळे आपल्याला विरोध झाला असेही त्या म्हणाल्या, आणि चर्चा तिकडे वळली. दोनच दिवसांत त्या भाजपमध्ये गेल्या. मग एका बाजूला त्या पीडित ठरल्या, दुसऱ्या बाजूला संधिसाधू. पक्ष कार्यालयात बाईने तक्रार करायची तर कुठे, हा प्रश्न दोन्ही बाजूंना नको होता. राष्ट्रीय पदावरच्या, इंग्रजी-हिंदी वाहिन्यांवर रोज दिसणाऱ्या बाईला निदान दुसऱ्या पक्षाचे दार होते. पंडरीच्या झोपडपट्टीतून येणाऱ्या बूथ कार्यकर्तीला कुठले दार आहे?

कायद्याचे म्हणाल तर १५ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले होते की पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकर नाते नाही, म्हणून पक्षांना अंतर्गत तक्रार समितीची सक्ती नाही. त्याविरुद्धची याचिका फेटाळली गेली. पक्षात जाणे म्हणजे नोकरी नव्हे, आणि अशी सक्ती केली तर तिचा वापर ब्लॅकमेलसाठी होईल, असा न्यायालयाचा सूर होता. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई. अमरावतीचे, आंबेडकरी घरातले. ते सरन्यायाधीश झाले तेव्हा आमच्या विहारात पेढे वाटले होते, मीही दोन खाल्ले. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतो. पण आपल्या माणसाचा निकाल पटला नाही तर तसे म्हणायलाही आपण शिकलो आहोत.

न पटण्याचे कारण सांगते. हा कायदा आला कुठून? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी कुम्हार जातीच्या. सरकारी महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या, जुजबी मानधनावर. गुज्जर कुटुंबातला बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी सुटले. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ची मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि २०१३चा कायदा झाला. म्हणजे मुळात हा कायदा ऑफिसातल्या बाईच्या टेबलावरून आलेला नाही. गावात फिरून सार्वजनिक काम करणाऱ्या बहुजन बाईच्या अंगावर जे झाले त्यातून आला. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत पैसे न घेता स्वेच्छेने काम करणारी बाईही कर्मचारी धरली आहे. मग दारोदार पत्रके वाटणारी बाई बाहेर कशी राहते? आमच्या घामाला सेवा म्हणायचे, त्याग म्हणायचे, फक्त काम म्हणायचे नाही. जातीने आमच्या आयाबायांच्या कामाला कधी काम म्हटले नाही. ही सवय जुनी आहे.

छत्तीसगडला बायकांचे नाव लावायला आवडते. इथल्या पहिल्या महिला खासदार मिनीमाता सतनामी समाजातल्या. १९५५च्या पोटनिवडणुकीत लोकसभेत गेल्या त्या १९७२ मध्ये विमान अपघातात जाईपर्यंत तिथेच होत्या. बांगो धरणाला त्यांचे नाव आहे, सरकारी पुरस्कारालाही. २०२३ मध्ये ९० पैकी १९ महिला आमदार निवडून आल्या, पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. आणि मार्च २०२५ मध्ये कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात सहा निवडून आलेल्या पंच बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली. बातमी पसरल्यावर पंचायत सचिव निलंबित झाला. इथे ‘सरपंच पति’ हा शब्द लोक पदासारखा वापरतात, गाडीवरही लिहितात.

एक हत्यार हातात आहे, ते फारसे कोणी वापरत नाही. २०१५च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(एम) सांगते की अनुसूचित जाती-जमातीच्या पंचायत किंवा नगरपालिका सदस्याला तिचे काम करण्यापासून धमकावणे, अडवणे हा गुन्हा आहे. इंग्रजी प्रतीत हे कलम ‘एम’ अक्षराखाली आहे. निवडून आलेल्या दलित-आदिवासी बाईपुरते ते चालते. निवडून न आलेल्या, माझ्यासारख्या कार्यकर्तीला नाही. तिच्यासाठी पक्षांनी स्वतःहून समिती नेमली तर त्यांना कुठल्याच न्यायालयाने अडवलेले नाही.

गेल्या महिन्यात राजनांदगावच्या एका मुलीचा फोन आला. बी.कॉम. झालेली, वडील गिरणी बंद झाल्यापासून हमाली करतात. “ताई, पार्टीवाले सोशल मीडिया सांभाळ म्हणतात, जाऊ का?” जा म्हटले. पण आधी लेखी माग: पद काय, काम काय, प्रवासखर्च कोण देणार, आणि कोणी त्रास दिला तर नाव कोणाला सांगायचे. तिने मागितले. पत्र अजून आलेले नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र तिला त्याच दिवशी घेतले, आणि रोज सकाळी आठ वाजता कामे येतात.