खपली गव्हाचे नाते



खपली गहू मळला तरी दाणा टरफलातच राहतो, तो कांडावा लागतो. सरबती मळताच मोकळा होतो. तरीही दोन्ही एकाच घराण्यातले. ते कसे, पाहा.

खपलीत गुणसूत्रांच्या १४ जोड्या असतात, सरबतीत २१. मग वरच्या ७ आल्या कोठून? कास्पियन समुद्राकडे गव्हाच्या शेतात एक रानगवत उगवते, त्यात नेमक्या ७ जोड्या आहेत. १९४४ च्या सुमारास जपानचे किहारा आणि अमेरिकेचे मॅकफॅडन व सीअर्स यांनी हे नाते स्वतंत्रपणे ओळखले. अमेरिकेत खपलीच्या कुळातला गहू व ते गवत यांचा संकर केला. तो खेचरासारखा वांझ निघाला. औषधाने गुणसूत्रे दुप्पट करताच झाड २१ जोड्यांचे झाले, दाणे धरू लागले. सरबतीच्या जातकुळीशी त्याचा संकर केला, तोही वांझ निघाला नाही. नाते पटले! खपलीचे घराणे हे सरबतीचे आजोळच.

याचा आपल्याला उपयोग काय? आजोळची शिदोरी अडीअडचणीला कामी येते. याच मॅकफॅडन यांनी खपलीच्या कुळातून तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण रोटीच्या गव्हात आणला होता.

तेव्हा सगळे रान सरबतीखाली घातलेत, तरी दोन सरी खपली ठेवा. गव्हाचे परागीकरण बहुधा फुलातल्या फुलातच होते, म्हणून घरचे बी शुद्ध राहते. ओंब्या शेतातच निवडा, भेसळीची झाडे उपटा, बी टरफलासकट कोरडे साठवा. खीर होईल, वाणही टिकेल.