पर्यावरणपूरक गाडी आणि माझे पाच लाख



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन महिने पडद्याकडे बघायची मनाई होती. आता अक्षरं लख्ख दिसतात, तेव्हा प्रतिक्रियांमध्ये ऱ्हस्व-दीर्घ जपून लिहा!

विषय घरातलाच आहे. चिरंजीवही हे वाचतात (वाचत नाही म्हणतात, पण वाचतात), म्हणून त्यांच्या तोंडावर जे बोलले तेवढंच इथे लिहिते आहे.

गेल्या रविवारी चिरंजीव, सूनबाई आणि नात ठाण्याहून नेहरूनगरला आले ते लॅपटॉप घेऊनच. जेवणं झाल्यावर त्याने एक तक्ता उघडला. वीस लाखांची, विजेवर चालणारी, उंचच उंच गाडी. पाच वर्षांत पेट्रोलचे किती पैसे वाचतील ते एका रकान्यात. शेवटच्या ओळीत पाच लाख कमी पडत होते, आणि माझ्या पोस्टातल्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे हा योगायोग त्याने फार नाजूकपणे सांगितला. मी विचारलं, "आत्ताच्या गाडीला काय धाड भरली आहे?" त्यांची छोटी पेट्रोलची गाडी सात वर्षांची आहे, रविवारी बाहेर निघते, एरवी कव्हर घालून उभी असते.

उत्तर दिलं नातीने. ती सातवीत आहे. "आजी, ती प्रदूषण करते. नवीन गाडी पर्यावरणपूरक आहे."

मंडळी, तीसेक वर्षं मराठी शिकवलं आहे. विशेषण चुकीच्या जागी बसलं की मला खडा चावल्यासारखं होतं. पूरक म्हणजे भर घालणारं, उणीव भरून काढणारं. पूरक आहार, पूरक वाचन. ही दीड टनाची वस्तू पर्यावरणात कसली भर घालते? फार तर "कमी घातक" म्हणा. पण कमी घातक गाडी वीस लाखांना कोण विकत घेईल? म्हणून हे गोंडस विशेषण. खाणीतून धातू काढायचे, बॅटरी बनवायची, पोलाद ओतायचं, हे सगळं गाडी शोरूममध्ये येण्याआधीच होऊन गेलेलं असतं. आणि जुनी गाडी विकली म्हणजे तिचा धूर थांबत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या गल्लीत जातो.

गाड्यांबद्दल कुर्लेकरांना कोणी शिकवू नये. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आमच्याच कुर्ल्यात होती. फियाट आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी इथेच जन्मली. भोंगा झाला की लालबहादूर शास्त्री मार्गावर डबेवाल्या पुरुषांची रांग लागायची (डबे पोहोचवणारे नव्हेत, स्वतःचा डबा स्वतः नेणारे). नवीन शतक उजाडता उजाडता पद्मिनी बंद झाली. त्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा पेपरांनी गळे काढले. त्या टॅक्सीने उमेदीत काय धूर ओकला तो मी गिळलेला आहे, त्यामुळे मला रडू आलं नाही. पण एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी. ती वीस-वीस वर्षं चालली. उच्च न्यायालयाच्या बडग्याने मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, तेव्हा तीच गाडी दुसऱ्या इंधनावर निमूट धावली. आणि ती दिवसभर कोणाला ना कोणाला कुठेतरी नेत होती, कव्हर घालून उभी नव्हती.

गाड्या मरतातही आमच्याकडेच. सीएसटी रोडला माझ्या एका विद्यार्थ्याचं सुट्या भागांचं दुकान आहे. (दहावीला मराठीत पस्तीस. आता माझ्यापेक्षा चांगलं बोलतो.) सोमवारी मुद्दाम त्याच्याकडे गेले. चहा मागवून तो म्हणाला, "बाई, पेट्रोलच्या गाडीचा दरवाजापासून खिळ्यापर्यंत सगळा माल जातो. या बॅटरीला हात लावायला आमची पोरं घाबरतात." पुढेमागे शिकतील, सोय होईल, नाही असं नाही. पण चिरंजीवांच्या तक्त्यात या गोष्टीचा रकानाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, बाई पेट्रोल कंपनीच्या वकील झाल्या की काय! तसं नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेवरून सरकारला फैलावर घेतलं आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे पाहायला समिती नेमली गेली, तेव्हा मला आनंदच झाला होता. महाराष्ट्रातली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशावर होते, तरी विजेची गाडी एकूण हिशेबात पेट्रोलपेक्षा बरी, हेही मान्य. टॅक्सी, रिक्षा, सामानाचे टेंपो, शाळेच्या बस, दिवसभर रस्त्यावर असणारं सगळं आधी विजेवर आणा. माझं भांडण विजेशी नाहीच.

भांडण पुढच्या वाक्याशी आहे. तक्ता मिटताना चिरंजीव म्हणाले, "आणि आई, वीज स्वस्त पडते, त्यामुळे रोज बीकेसीला गाडीनेच जाता येईल."

आज हे गृहस्थ ठाण्याहून कुर्ल्यापर्यंत लोकलने येतात आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा. म्हणजे पर्यावरणासाठी हे लोकल सोडणार! सत्तर-पंच्याहत्तर किलोचा एक माणूस हलवायला दीड टन लोखंड रोज पूर्व द्रुतगती मार्गावर. धूर नाही, कबूल. पण गाडी जितकी जड, तितके टायर आणि रस्ता जास्त झिजणार, आणि ती धूळ विजेच्या गाडीला चुकलेली नाही. जागा तर तेवढीच अडवणार. बीकेसीच्या सिग्नलला पंधरा मिनिटं अडकलेल्या बसमधल्या बाईला पुढची गाडी कशावर चालते याने काय फरक पडतो?

मी नातीला विचारलं, भारतातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी कुठून कुठे धावली? ती मोबाइलकडे बघायला लागली. ३ फेब्रुवारी १९२५. बोरीबंदरहून निघाली आणि हार्बर मार्गाने आली कुर्ल्याला! शंभर वर्षं उलटून गेली. धूर न सोडणारी, एका फेरीत हजारो माणसं नेणारी गाडी माझ्या सासऱ्यांच्या लहानपणापासून आमच्या दारात दर काही मिनिटांनी येते आहे, आणि आम्ही तक्ते मांडून पर्यावरणपूरक वाहन शोधतो आहोत.

या माझ्या भाषणावर चिरंजीव शांतपणे म्हणाले, "आई, मुंब्र्याला काय झालं आठवतं ना?"

आठवतं. ९ जून २०२५. गर्दीच्या लोकलमधून दारातली माणसं खाली पडली, काही जिवानिशी गेली. त्या सकाळी मी त्याला सात वेळा फोन केला होता. आठव्यांदा उचलला.

माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. एवढंच म्हणाले, की मग तसं सांग. सांग की जिवाची भीती वाटते, कुर्ल्याच्या पुलावर श्वास कोंडतो, कंबर दुखते, दमायला होतं. त्यासाठी आई पाच लाख देईल, दागिने मोडायची वेळ आली तरी देईल. पर्यावरणाचं नाव कशाला घेतोस? एकदा ते नाव घेतलं की आपण वाईट लोकलबद्दल भांडायचं सोडतो आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतो. सुशिक्षित माणसं अशी एकेक करून डब्यातून उतरून गेली, तर डब्यासाठी ओरडणार कोण?

सरकारचंही तेच. २९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने विजेच्या वाहनांचं धोरण मंजूर केलं. अटल सेतू, समृद्धी आणि पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी. (बसलाही आहे, खोटं कशाला बोलू.) त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, ९ मे रोजी, बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, वातानुकूलित बसचं सहाचं बारा. निर्णय वेगवेगळ्या कार्यालयांतले असतील, पण माझ्या घरी पोळ्या करणाऱ्या बाईंना ते एकाच महिन्यात कळले. पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे चार हजारांच्या वर बस होत्या. २०२५ पर्यंत त्या तीन हजारांच्याही खाली आल्या.

आणि हो, ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बर्वे मार्गावर माणसांना चिरडत गेली ती बसही विजेचीच होती. सात जण गेले, नंतर आकडा वाढला. माझ्या ओळखीतल्या बायका अजून त्या रस्त्याने बाजाराला जाताना मागे वळून बघतात. चालकाला तशा बसचा पुरेसा सराव नव्हता, असं तेव्हा वाचलं. बस भाडेतत्त्वावरची, चालक कंत्राटी. बस विजेची घेतली म्हणून कर्तव्य संपत नाही, चालवणाऱ्याला नीट शिकवावं लागतं, नीट पगार द्यावा लागतो. त्याला पैसे लागतात. तिथे मात्र आपण हात आखडतो.

असो. फार लांबलं. मी चिरंजीवांपुढे दोन गोष्टी ठेवल्या. आहे ती छोटी गाडी मरेपर्यंत वापरायची. तिला पुढे काही झालंच, तर विजेची घ्या, पण लहान घ्या, आणि कामावर लोकलनेच जा. त्या लहान गाडीला लागतील तेवढे पैसे माझे. तोवर दोघांनी पहिल्या वर्गाचा पास काढावा, तोही माझ्या ठेवीच्या व्याजातून. उंच गाडीला एक पैसा नाही.

चिरंजीव लॅपटॉप मिटून गेले, अजून फोन नाही. सूनबाईचा मात्र काल रात्री आला होता. पहिल्या वर्गाचा तिमाही पास कितीला पडतो, विचारत होती.