खाडाखोड आणि सही

बँकेत लागलो तेव्हा हेडक्लार्कने पहिला धडा दिला तो खाडाखोडीचा. लेजरमध्ये आकडा चुकला तर रबराने खोडायचा नाही, त्यावर गिरवायचे तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही ठोकायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आधी काय होते, नंतर काय झाले आणि बदल कोणी केला, हे तपासनिसाला एका नजरेत कळले पाहिजे. नोकरीभर हा नियम पाळला. संगीत ऐकताना तो आठवेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

आपल्याकडे एकच बंदिश दहा गवई दहा परींनी गातात आणि आपण खुशाल तुलना करतो. पाश्चात्त्य सिम्फनीत सूर अन् सूर लिहून ठेवलेला. तेव्हा फरक पडलाच तर लयीचा आणि वजनाचा पडावा, अशी माझी भाबडी समजूत होती. १९९१ साली काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून (हे दुकान २०१६ साली बंद झाले) ब्रुकनरच्या आठव्या सिम्फनीची सीडी घेतली. हर्बर्ट फॉन कारायानने १९८८ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेले ते मुद्रण. पुढच्याच वर्षी तो गेला. काही वर्षांनी एलियाहू इन्बालचे १९८२ सालचे फ्रँकफर्टचे मुद्रण हाती आले. पहिला भाग संपत आला आणि मी दचकलो. कारायानकडे जो भाग दिव्यातले तेल संपावे तसा विझत जातो, तो इथे पितळी वाद्यांच्या दणदणाटात संपत होता. तिसऱ्या, संथ भागाच्या शिखरावर कारायानकडे दोनदा वाजणारी झांज इथे सहा वेळा वाजली. बंदिशच वेगळी होती!

गोष्ट अशी. आंतोन ब्रुकनर हा ऑस्ट्रियातल्या खेड्यातल्या शाळामास्तरांचा मुलगा, पेशाने ऑर्गनवादक, स्वभावाने भिडस्त. सातव्या सिम्फनीने त्याला उशिरा का होईना, नाव मिळवून दिले होते. १८८७ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्याने आठवी पुरी केली आणि मोठ्या आशेने म्युनिकच्या हेरमान लेवीकडे पाठवली. सातवी म्युनिकमध्ये गाजवणारा हा संचालक. ब्रुकनर त्याला आपला कलेतला पिता म्हणे. लेवीला नवी रचना उमगेना. तसे ब्रुकनरला थेट सांगायचाही त्याला धीर होईना, म्हणून त्याने शिष्य योझेफ शाल्कमार्फत निरोप धाडला. म्हातारा खचला. मग तो दुरुस्तीला बसला आणि १८९० साली नवी संहिता सिद्ध झाली. मध्यंतरी त्याने तिसरीही पुन्हा लिहायला घेतली, पाठोपाठ पहिली. नववी मागे पडली आणि १८९६ साली तो गेला तेव्हा ती अपुरीच होती.

इथवर ऐकून कोणीही लेवीवर दात खाईल. मीही खाल्ले. पण दोन्ही संहिता पुनःपुन्हा ऐकल्यावर कबूल करावे लागते, की पहिल्या भागाचा तो विझता शेवट १८८७ मध्ये नव्हता. तो नकारानंतर आला. ब्रुकनरच्या दुसऱ्या कुठल्याही सिम्फनीचा पहिला भाग असा हलकेच संपत नाही. १८८७ ची संहिता रांगडी आहे, तिच्यात अचानक उघडणाऱ्या खिडक्या आहेत. १८९० ची जास्त शहाणी आहे. दुरुस्ती दबावाखाली झाली म्हणून ती खोटी ठरत नाही.

खरा पेच पुढचा. १९३९ साली रॉबर्ट हास या संपादकाने १८९० ची संहिता पाया धरली आणि त्यात १८८७ मधल्या गाळलेल्या काही जागा परत बसवल्या. त्याचे म्हणणे, ही काटछाट ब्रुकनरने मनापासून केलेली नव्हती. हास नाझी पक्षाचा सदस्य होता. युद्धानंतर त्याचे पद गेले. त्याच्या जागी आलेल्या लिओपोल्ड नोवाकने १९५५ साली १८९० ची आणि १९७२ साली १८८७ ची संहिता स्वतंत्रपणे छापली.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हासने दोन व्हाउचर फाडून तिसरे चिकटवले. त्यावर खातेदाराची सही नाही. मी काउंटरवरून परत केले असते. पण अडचण अशी, की कारायानची ती सीडी हासच्याच संहितेची आहे. ग्युंटर वांड आणि पिअर बुलेझ यांनीही तीच पसंत केली. जुलिनी आणि चेलिबिडाके नोवाकच्या १८९० कडे गेले. बुलेझला सुमारे ७६ मिनिटे पुरतात. चेलिबिडाकेचे १९९३ सालचे म्युनिकचे मुद्रण शंभरी ओलांडते. माझा कान आजही हासकडे झुकतो. संथ भागात त्याने परत आणलेले दहा बार नसले की जिन्याची एक पायरी चुकल्यासारखे वाटते. नियम एक सांगतो, कान दुसरे.

हे सारे आज आठवायला कारण घडले आहे. माझ्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. हस्तलिखितात वडिलांवरची चौदा पाने होती. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ‘ही काढा’ म्हटले. मी मुकाट्याने काढली आणि कित्येक वर्षे मनात कुढत राहिलो. प्रकाशक विचारतात, ती परत घालायची का? गेल्या आठवड्यात वाचून पाहिली. पाने चांगली आहेत. पण ती नसल्यामुळे कादंबरीतला बाप वाचकाला स्वतः शोधावा लागतो, आणि शोधणाऱ्यांची पत्रे माझ्याकडे आहेत. आज ती मध्येच घातली तर मी माझाच हास होईन. तिशीतला लेखक आणि आजचा मी यांचे मिळून एक पुस्तक होईल आणि त्याखाली सही कोणाची हे मलाही सांगता येणार नाही.

प्रकाशकांना कळवले आहे : कादंबरी छापली होती तशीच राहू द्या. ती चौदा पाने शेवटी, वेगळी, साल घालून छापा आणि ती मीच काढली होती हेही लिहा. मधली रेघ माझी आहे. खालचा आकडा वाचता आला म्हणजे झाले.