पंखा घरमालकाचा, बिल मात्र तुमचं!

भडगावात एप्रिल लागला की छतावरचा पंखा पाचवर जातो, तो पाऊस येईपर्यंत खाली येत नाही. पारा 44-45 वर असताना तो बंद कोण करणार? मग बिल आलं की घरात पहिला आरोप कोणावर? तुमच्या मोबाइलच्या चार्जरवर! पण जरा वर बघा.

साधा हिशेब करू. जुना पंखा साधारण 75 वॅटचा. दिवसाला 16 तास चालला तर 1.2 युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा जवळपास तेवढीच हवा 30 वॅटच्या आसपास देतो, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. एका पंख्यामागे महिन्याला 20-22 युनिट वाचले. त्यात महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. 100 युनिटच्या पुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं. वापर 100 च्या वर असेल, तर वाचतात ती आधी हीच महाग युनिटं.

हे होतं कसं? जुन्या मोटरमध्ये बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात आणि वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरही जास्त वेळ टिकतो.

मग हे पंखे घरोघरी का नाहीत? एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर स्टार लेबल 2010 मध्येच सक्तीचं झालं. पंख्यावर ते सक्तीचं व्हायला 1 जानेवारी 2023 उजाडलं. म्हणजे जी वस्तू गरिबाच्याही घरात असते, तिचा नंबर शेवटी लागला. एलईडी बल्बचं उलट झालं. 2015 च्या 'उजाला' योजनेत सरकारी घाऊक खरेदीमुळे त्याची किंमत झपाट्याने उतरली आणि तो खेड्यापाड्यांत पोचला. बीएलडीसी पंखा अजून तेवढा स्वस्त झालेला नाही.

शिकायला जळगाव-धुळ्याला रूम करून राहणाऱ्यांची अडचण तर वेगळीच. पंखा घरमालक घेतो, बिल तुम्ही भरता. मग तो महागातला पंखा का घेईल? यावर नुसतं लेबल लावून उत्तर मिळणार नाही. पण तुम्ही दोन गोष्टी करू शकता. रूमपार्टनर मिळून एक पंखा घ्या आणि रूम सोडताना काढून न्या. मालकाशी आधी बोलून घ्या, म्हणजे नंतर कटकट नको. घेताना फक्त स्टार मोजू नका. लेबलवरचं वर्ष, वॅट आणि तो किती हवा देतो हेही बघा.

आणि घरी गेलात की भिंतीवरचा तो जुना, डब्ब्यासारखा रेग्युलेटर हात लावून बघा. गरम लागला? मग वेग कमी करूनही वीज कुठे जातेय, ते कळलंच!