यंत्राचा नियम आणि हाताचा अपवाद

गेल्या वैशाखांत आम्ही घरचीं पांच माणसें पुतण्याच्या नव्या मोटारींतून महाबळेश्वराहून आंबेनळी घाटानें पोलादपुराकडे उतरत होतों. मोटार मोठ्या शक्तीची, गिअर आपोआप बदलणारी. दहाबारा वळणें झालीं आणि करपट वास येऊं लागला. पुतण्याचा पाय सारखा ब्रेकवर होता. मीं विचारलें, “अरे, गिअर उतरवीत कां नाहींस?” तो म्हणाला, “काका, हिला सारें आपोआप कळतें.” ब्रेक निवेपर्यंत गाडी बाजूस उभी करून आमचें जें बोलणें झालें, त्याचें सार येथें देतों.

यंत्रास वेग कळतो, इंजिनाचे फेरे कळतात, पायाचा दाब कळतो. पुढचें वळण बहुधा कळत नाहीं. पाय उचलला कीं इंधन वाचविण्यासाठीं तें पुष्कळदां वरचा गिअर घेतें. मग उतारावर इंजिनाचा अटकाव कमी होऊन सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक अति तापले कीं त्यांची पकड मंदावते. म्हणून ज्या गिअरनें घाट चढावा, साधारणतः त्याच गिअरनें तो उतरावा. सुकाणूच्या चाकामागील वजा खुणेची पाती एकदांच ओढून भागत नाहीं. पुष्कळ गाड्या थोड्या वेळानें पुन्हां स्वयंचलित होतात. घाट संपेपर्यंत गाडी हातगिअरवरच ठेवावी.

अशा पात्या फेरारीनें १९८९ सालीं ब्राझिलच्या फॉर्म्युला वन शर्यतींत प्रथम उतरविल्या, आणि नायजेल मॅन्सेल यांनीं ती शर्यत जिंकली. हात चाकावरून न काढतां गिअर बदलतां यावा, हा त्यांचा मोठा गुण.

दुसरा प्रसंग वळणाचा. गिअर वळणापूर्वीं, गाडी सरळ असतांना उतरवावा. ऐन वळणांत, विशेषतः ओल्या रस्त्यावर, एकदम उतरविल्यास चाकें घसरण्याचें भय असतें. तिसरा प्रसंग पुढील वाहन ओलांडण्याचा. रस्ता मोकळा दिसतांच आधींच गिअर उतरवून ठेवावा. नाहींतर पाय दाबल्यावर यंत्र विचार करण्यांत मोलाचा क्षण घालवितें.

एरवीं, शहरांत व सपाट रस्त्यावर, यंत्रास त्याचें काम करूं द्यावें. तेथें तें आपल्याहून चपळ असतें.

व्याकरणांत सामान्य नियमास उत्सर्ग म्हणतात. अपवाद त्याहून बलवान खरा, पण आपल्या क्षेत्रापुरताच. पुतण्यानें उरलेला घाट दुसऱ्या गिअरांत उतरविला. वहिनींनीं घट्ट धरलेली पुढच्या आसनाची पाठ केव्हां सोडली, तें त्यांनाही कळलें नाहीं.