बेदाण्याला साखरमुक्त म्हणू नका

आमच्या आबांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या दिवाळीत कुणीतरी त्यांना खजुराच्या लाडवांचा डबा आणून दिला. वर ठळक अक्षरांत 'साखरमुक्त'. ‘ह्यात साखर न्हाई, पोरी,’ म्हणत आबांनी दिवसभरात पाच लाडू खाल्ले. संध्याकाळी रक्तातली साखर तीनशेच्या वर गेली.

तासगाव तालुक्यात तीस वर्षं बेदाणा केलेल्या माणसाची ही गत. चार किलो द्राक्षं वाळली की जेमतेम किलोभर बेदाणा हाती येतो. पाणी उडून जातं, साखर मात्र सगळी मागे राहते. शंभर ग्रॅम बेदाण्यात किंवा खजुरात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. वीस ग्रॅम खजूर घातलेल्या एका लाडवात तीन चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना मधातली, पाकातली, फळांच्या रसातली साखरसुद्धा मोजायला सांगते. म्हणून अशा डब्यांवर 'साखरमुक्त' छापणं थांबलंच पाहिजे. 'वरून साखर घातलेली नाही' असं लिहा, आणि एका लाडवात एकूण साखर किती, तेही तितक्याच ठळक अक्षरांत छापा.

हे सगळं ठाऊक असूनही मी स्वयंपाकात बेदाणा वापरते. वाटीभर बेदाणे दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुते, कारण पिवळाधमक रंग यावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. काड्या काढून, कोमट पाण्यात दोन तास भिजवून मऊसूत वाटते. हे वाटण गाळायचं नाही. गाळलं की चोथा जातो आणि नुसता पाक उरतो. आमटीत गुळाऐवजी किंवा चिंचेच्या चटणीत याची आंबटगोड चव फार छान लागते. खिरीत घालायचं तर खीर कोमट झाल्यावर, नाहीतर बेदाण्याच्या आंबटपणाने दूध फाटतं. वाटण फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं, म्हणून थोडंच करावं.

वाटणासाठी महागडा हिरवा बेदाणा कशाला हवा? शेडवर जाळ्यांवर माल वाळत असताना अवकाळी पाऊस आला, हवा दमट झाली, की बेदाणा लाल-काळपट पडतो आणि त्याचा भाव घसरतो. बुरशी किंवा वास नसेल, तर गोडीला तो कुठेच कमी नसतो. आबांनी असा माल कितीदा तरी पडेल भावात दिला, ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. वाटणात रंग कोण बघतो? तुम्ही दुकानात हा तांबूस बेदाणा मागू लागलात, तर त्यालाही बरा भाव मिळेल.

आबा आता डॉक्टरांना विचारून, मोजून खातात. तुम्हीही बेदाणा आवडीने वापरा, पण साखर समजूनच वापरा.